किराणा दुकानातल्या ४०० आयटमची विक्री एकाच चार्टमध्ये दाखवायचीय, ट्रीमॅप चालेल का?
हो, ४०० आयटम असतील तर ट्रीमॅपच वापरा, पाय चार्टमध्ये एवढ्या फाका वाचताच येत नाहीत. ट्रीमॅपमध्ये प्रत्येक आयटमचा चौकोन विक्रीच्या प्रमाणात लहानमोठा होतो आणि ग्रुप एकत्र राहतात, म्हणजे तेलाचा भलामोठा ठोकळा आणि कोपऱ्यातली मसाल्याची बारीक पाकिटं एका नजरेत दिसतात. मुळात संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड युनिव्हर्सिटीत, गच्च भरलेल्या हार्ड डिस्कवर जागा कोण खातंय हे बघायला हा प्रकार काढला, एक्सेलमध्ये २०१६ च्या व्हर्जनपासून तयार मिळतो. टॅब्लो (चार्ट बनवायचं सॉफ्टवेअर) असेल तर साइजला विक्री आणि रंगाला मार्जिन द्या, खरी मजा त्यात आहे. फक्त मायनस आकडा चौकोनाच्या साइजमध्ये दाखवता येत नाही, आणि दोन आकडे जवळपास सारखे असले की डोळ्याला फरक कळत नाही, तिथे साधा बार चार्टच घ्या.