स्मार्ट रिंग घेऊ की घड्याळच बरं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेले काही महिने सांगली-साताऱ्याकडून येणारे प्रश्न फिरून फिरून एकाच विषयावर येतायत, स्मार्ट रिंग, म्हणजे बोटात घालायची, नाडी आणि झोप मोजणारी अंगठी. घेऊ का, घड्याळ काढून टाकू का, पोरानं पुण्यावरनं पाठवलीय तर आता शुगर तपासायची बंद करू का. मी फिजिशियन आहे, मोबाईलचं दुकान नाही माझं, त्यामुळे कुठली कंपनी घ्या ते सांगणार नाही, पण तब्येतीच्या बाजूनं जे सांगायचंय ते एकदाच सगळ्यांसाठी लिहितो.

प्रश्न : डॉक्टर, माझ्याकडे चांगलं स्मार्टवॉच आहे. मुलगा म्हणतो रिंग जास्त अचूक असते, ती घ्या. खरंय का? (विश्रामबाग, सांगली)

अर्धं खरंय. दोन्हींत तंत्र एकच आहे, आतल्या बाजूला बारीक दिवे असतात, त्यांचा उजेड कातडीत जातो आणि प्रत्येक ठोक्याला रक्त पुढं सरकलं की परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, त्यावरून नाडी मोजतात. बोटाला रक्तपुरवठा भरपूर आणि अंगठी घट्ट बसते, म्हणून माणूस शांत झोपलेला असताना अंगठी नाडी चांगली पकडते. पण तिला स्क्रीन नाही, जीपीएस नाही, फोन लावता येत नाही आणि बहुतेक रिंगांत ईसीजीही नाही. वर किंमत बघा, सॅमसंगची गॅलक्सी रिंग ऑक्टोबर 2024 मध्ये भारतात आली तेव्हा 38,999 रुपये होती, आणि फिनलंडच्या ओरासारख्या रिंगला सगळे आकडे बघायचे तर दरमहा वेगळे पैसे. तुमचं घड्याळ चालू आहे आणि तुम्ही ते रोज घालताय तर हे पैसे राहू द्या. रात्री मनगटाला टोचतं म्हणून काढून ठेवत असाल आणि झोपेचा अंदाज हवाच असेल तरच रिंगचा विचार करा.

प्रश्न : सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय, वय 46. रिंग चालेल का?

घड्याळ घ्या, घाट चढताना आकडा तिथल्या तिथं दिसला पाहिजे, अंगठीसाठी खिशातला मोबाईल काढावा लागतो. आणि वय 46 म्हणताय म्हणून विचारतो, बीपी, शुगर, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास, यातलं काही आहे का? असेल तर यवतेश्वरचा चढ पळायला सुरू करायच्या आधी एकदा तपासून घ्या, पळून झाल्यावर नको.

प्रश्न : ऑनलाईन 1,200 रुपयांत रिंग मिळतेय. बीपी, ऑक्सिजन, शुगर, स्ट्रेस, सगळं दाखवते. घेऊ का?

नको. एका पेशंटनं असलंच स्वस्तातलं घड्याळ आणलं होतं, माझ्या टेबलावर नॅपकिनची घट्ट गुंडाळी करून तिला ते बांधलं, तर थोड्या वेळात स्क्रीनवर नाडी 76 आणि ऑक्सिजन 98 आला. नॅपकिनचा! पेशंट पण बघतच राहिले. जे यंत्र कापडाला नाडी दाखवतं त्याच्या आकड्यावर तुम्ही गोळी कमी-जास्त करणार का? बीपीसाठी दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, तेवढ्याच पैशांच्या आसपास बरं मिळतं, पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा आहे ना तेवढं बघा आणि एकदा दवाखान्यात आणून आमच्या मशीनशी ताडून घ्या.

प्रश्न : तासगावला द्राक्षबाग आहे, शुगर नऊ वर्षं. बोटाला टोचून टोचून कंटाळा आलाय. न टोचता शुगर सांगणारी रिंग आलीय असा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. खरी आहे का?

नाही. न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, मान्यता दिलेली नव्हती, आणि 21 फेब्रुवारी 2024 ला त्यांनी तसं जाहीर सांगून अशी यंत्रं वापरू नका असा इशाराच दिला. कारण सरळ आहे, आकडा चुकीचा जास्त आला आणि तुम्ही त्यावर इन्सुलिन वाढवून घेतलं तर शुगर एकदम उतरते, बागेत एकटे असताना चक्कर येऊन पडलात तर कोण बघणार? यात जाहिरातवाले एक चलाखी करतात ती ओळखा. दंडाला किंवा पोटाला चिकटवायचा सेन्सर असतो, त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि तो खरंच साखर मोजतो, मग तो आकडा मोबाईलमधून घड्याळावर दिसतो. फोटोत मात्र नुसतं घड्याळ दाखवतात, दंडावरचा सेन्सर गायब. टोचायचा कंटाळा आलाय हे मला समजतं, तो सेन्सर अधूनमधून 14 दिवस लावून बघता येतो, तुमच्या डॉक्टरांशी बोला. तोवर ग्लुकोमीटर सोडू नका.

प्रश्न : वडिलांना (वय 61) रात्री छातीत जळजळ आणि घाम आला. घड्याळावर ईसीजी काढला तर नॉर्मल आला म्हणून सकाळपर्यंत थांबलो. आता बरे आहेत. पुढच्या वेळी घड्याळाच्या ईसीजीवर किती विसंबावं? (पलूस)

हा प्रश्न वाचल्या वाचल्या मी तुम्हाला उलट कळवलंय, इथं पुन्हा लिहितो, वडिलांना आजच्या आज दाखवा. बरे वाटतायत तरी. पुढचं उत्तर सगळ्यांनी वाचा, कारण हीच गोष्ट मला अलीकडे वारंवार दिसायला लागलीय आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो.

घड्याळाचा ईसीजी म्हणजे एका लीडचा, हृदयाकडे एकाच बाजूनं बघणारा ईसीजी. एका हाताच्या मनगटावर घड्याळ, त्यावर दुसऱ्या हाताचं बोट, या दोन हातांमधून हृदय जेवढं दिसतं तेवढंच. दवाखान्यात आपण छातीवर सहा आणि हातापायांना चार अशा तारा लावून 12 बाजूंनी बघतो. मोठ्या वाड्याच्या एका खिडकीतून आत डोकावलं आणि समोरची खोली ठीक दिसली तर मागच्या खोलीत आग लागलेली नाही असं म्हणता येत नाही, तसंच हे आहे. घड्याळावर ‘सायनस रिदम’ आला याचा अर्थ ठोके एका लयीत पडतायत एवढाच, रक्तवाहिनी उघडी आहे असा अजिबात नाही. हार्ट अटॅकमध्ये लय बऱ्याचदा नीटच असते. ॲपल स्वतःच त्यांच्या ईसीजी ॲपमध्ये लिहितं की हे हार्ट अटॅक ओळखू शकत नाही, पण ती ओळ कुणी वाचत नाही. अहो, दवाखान्यातला 12 लीडचा पहिला ईसीजीसुद्धा कधीकधी नॉर्मल येतो, म्हणून आम्ही तो थोड्या थोड्या वेळानं परत काढतो आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाचा स्नायू दुखावला की वाढणारं प्रथिन, तपासतो. आमचं एका कागदावर समाधान होत नाही तिथं तुमचं मनगटावरच्या घड्याळावर कसं होतं?

आणि इथं वेळेचाच सगळा खेळ आहे. रक्तवाहिनी बंद झाली की पलीकडचा हृदयाचा स्नायू मरायला लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत जेवढं काम करतं तेवढं नंतर करत नाही, 12 तासांनंतर तर त्याचा फारसा उपयोगच राहत नाही. रात्री अकराला त्रास सुरू झाला आणि सकाळी नऊला दवाखाना उघडल्यावर आलात म्हणजे त्यातले दहा तास घरातच गेले. मग आम्ही अँजिओप्लास्टी करून वाहिनी उघडली तरी मेलेला स्नायू परत येत नाही, माणूस वाचतो पण पुढं जिना चढला की दम लागतो. आपल्याकडे छातीत काही झालं की पहिलं वाक्य ‘पित्त झालंय’, दुसरं ‘गॅस धरलाय’, मग सोडा, मग जिऱ्याचं पाणी, आणि आता त्यात घड्याळाची भर पडलीय, पूर्वी निदान भीती तरी वाटायची म्हणून लोक निघायचे. शुगरवाले, बायका आणि म्हातारी माणसं यांना तर छातीत दुखतच असं नाही, नुसता घाम, धाप, जबडा किंवा डावा हात जड होणं, मळमळ, एवढंच असतं. व्हॉट्सॲपवर वाचून सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी हार्टची गोळी, जिभेखाली ठेवायचाही एक प्रकार सुरू झालाय, बीपी आधीच कमी असेल तर माणूस तिथंच कोसळतो, डॉक्टरांनी दिलेली नसेल तर ठेवू नका.

तर असा त्रास पाच-दहा मिनिटांत गेला नाही, किंवा गेला आणि परत आला, तर घड्याळ बघू नका, 108 लावा नाहीतर गाडी काढा, आणि पेशंटला गाडी चालवू देऊ नका. पलूसवरनं सांगली-मिरज लांब नाही, इतकी हॉस्पिटलं जवळ असताना रात्रभर घरात बसायचं कारण काय?

घड्याळाचा चांगला उपयोग कुठं होतो तेही सांगतो. अनियमित ठोके, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, त्यातून पुढं लकवा होऊ शकतो आणि कित्येकांना हे ठोके जाणवतही नाहीत. 2019 मध्ये छापून आलेल्या ॲपलच्या अभ्यासात चार लाखांहून जास्त लोक होते, त्यातल्या साधारण अर्ध्या टक्क्याला घड्याळानं इशारा दिला, आणि त्यातल्या ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून तपासणी केली त्यांच्यात 34 टक्क्यांना खरंच हा त्रास सापडला. म्हणजे इशारा आला की दाखवायचं, घाबरायचं नाही. इशारा आला नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही हे दुसरं.

प्रश्न : मिस्टर कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला आहेत. रिंगमध्ये झोप ‘82, चांगली’ येते पण घोरतात आणि दिवसभर पेंगतात. (मिरज)

ताई, तुम्ही जे बघताय ते खरं धरा, 82 नको. अंगठी मेंदूकडे बघत नाही, नाडी, हालचाल आणि बोटाचं तापमान यावरून अंदाज बांधते, न हलता नुसता पडून राहिलेला माणूससुद्धा तिला झोपलेला वाटू शकतो. गाढ झोप इतके मिनिटं, स्वप्नाची झोप तितके मिनिटं, हे आकडे फार मनावर घेऊ नका, त्यासाठी डोक्याला तारा लावून रात्रभराची तपासणी असते. घोरताना मध्येच श्वास थांबून दचकल्यासारखे उठतात का ते एक-दोन रात्री बघा, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि घेऊन या. मशीनवर पेंगणारा माणूस आहे, याला उशीर नको.

प्रश्न : त्याच रिंगबद्दल, कामावर घातलेली चालेल का?

लेथवर, प्रेसवर, कडबा कुट्टीवर, कुठल्याच फिरत्या मशीनवर अंगठी नको, सोन्याची नको आणि स्मार्ट तर नकोच. ट्रॉलीवरून उडी मारताना फाळक्याला अंगठी अडकली की अंगाचं सगळं वजन त्या एका बोटावर येतं आणि कातडी मोज्यासारखी निघून येते, मी बघितलंय, बोट वाचेल याची खात्री नसते. जिममध्ये वजन उचलतानाही काढून ठेवा. बोट सुजायला लागलं की लगेच साबण-तेल लावून काढा, निघाली नाही तर घरी पक्कड घेऊन बसू नका, आत बॅटरी आहे. 2025 मध्ये बॅटरी फुगून रिंग बोटात अडकल्याची आणि माणसाला हॉस्पिटलला जावं लागल्याची बातमी आली होती. आणि विकत घ्यायच्या आधी मापाची प्लॅस्टिकची अंगठी देतात ती दिवस-रात्र घालून बघा, सकाळचं आणि संध्याकाळचं बोट एका मापाचं नसतं.

प्रश्न : आई (74) कराडजवळ गावी एकटी असते, आम्ही पुण्यात. तिच्यासाठी काय?

पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ. अंगठीतून तिला हाक मारता येणार नाही. पण ते रोज चार्ज कोण करणार ते आधी ठरवा, आणि ती पडते का, पडली असेल तर का, हे तपासायला तिला एकदा घेऊन या.

प्रश्न : पेसमेकर आहे, रिंग घालू का?

पेसमेकर बसवलेल्या डॉक्टरांना विचारून. अंगठी आणि तिचा चार्जर छातीजवळ ठेवू नका, खिशात तर नाहीच. आणि पेसमेकर असो नसो, एमआरआयच्या खोलीत जायच्या आधी अंगठी काढून नातेवाइकांकडे द्या.