'थिंग': आधी सभा, मग वस्तू

प्रश्न असा आला आहे: इंग्रजीत 'थिंग' म्हणजे वस्तू, मग आइसलंडच्या संसदेचं नाव 'आल्थिंग' कसं? आणि निर्जीव वस्तूचा हा शब्द 'पुअर थिंग' म्हणताना माणसाला कसा चालतो?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. 'वस्तू' हा 'थिंग'चा मूळ अर्थ नाही, तो पुष्कळ उशिरा आलेला अर्थ आहे. मूळ अर्थ सभा. त्यातही गप्पांसाठी जमलेली मंडळी नव्हे, तर तंटे ऐकायला आणि निवाडे करायला ठरल्या वेळी भरणारी लोकांची सभा. 'ठरल्या वेळी' हे महत्त्वाचं, कारण या शब्दाचं नातं काळवाचक धातूशी लावतात. गॉथिक ही जर्मन कुळातली जुनी भाषा, तिच्यात याच घरातला 'थीहस' हा शब्द 'वेळ' या अर्थाने येतो.

इंग्लंडच्या आग्नेयेकडच्या केंट राज्याचे राजे ह्लोथहेर आणि एड्रिक यांचे सातव्या शतकाच्या शेवटचे कायदे जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, आहेत. एकाने दुसऱ्यावर आरोप केला आणि तो त्याला 'मेडेल'मध्ये किंवा 'थिंग'मध्ये भेटला, तर आरोपीने जामीन द्यावा, असं एक कलम त्यांत आहे. मेडेल म्हणजेही सभाच. इथे 'थिंग'चं भाषांतर 'वस्तू' केलं तर कलमाला काही अर्थच उरत नाही.

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यातली एक ओळ मला फार आवडते. नायक राजा ह्रोथगारच्या दरबारात उभा राहून सांगतो की ग्रेंडेल या राक्षसाशी मी एकटाच 'थिंग' भरवीन. शब्दशः पाहिलं तर तो राक्षसाबरोबर सभा भरवायला निघाला आहे! आशय अर्थातच सोक्षमोक्ष लावण्याचा. सभेचा शब्द इथे सभेत जे घडतं त्या निवाड्याकडे सरकलेला दिसतो. याच शब्दाचं क्रियापद 'थिंगिअन' म्हणजे कुणाची तरी रदबदली करणं, तडजोड घडवून आणणं.

अर्थ सरकला तो असा. आधी सभा. मग सभेपुढे आलेलं प्रकरण. मग न्यायसभेचा संबंध सुटून कुठलंही प्रकरण, बाब, घटना, कृत्य. मग 'जे काही आहे ते', त्यात सजीव आणि निर्जीव दोन्ही आले. हातात धरता येणारी वस्तू हा या वाटेवरचा शेवटचा मुक्काम. यातले बरेचसे टप्पे जुन्या इंग्रजीतच पार पडले होते, म्हणून एकाच काळातल्या लेखनात सभा आणि बाब हे दोन्ही अर्थ शेजारीशेजारी सापडतात.

उत्तरेकडच्या भाषांनी मात्र सभेचा अर्थ सोडला नाही. आइसलंडची आल्थिंग, म्हणजे 'सगळ्यांची सभा', ९३० च्या सुमारास थिंगवेत्लिर इथल्या उघड्या माळावर भरू लागली. कायदे लिहिलेले नव्हते. 'कायदा सांगणारा' म्हणून निवडलेला माणूस ते तोंडपाठ म्हणायचा, दरवर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांत सगळे. नॉर्वेची संसद 'स्टोर्टिंग' (मोठी सभा) आणि डेन्मार्कची 'फोल्केटिंग' (लोकसभा!) ही नावंही याच शब्दाची. आयल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटाच्या संसदेच्या 'टिनवॉल्ड' या नावातही तोच दडला आहे: 'थिंग' अधिक 'माळ', म्हणजे थिंगवेत्लिरचंच जुळं नाव. स्कॉटलंडचं डिंगवॉल आणि लिव्हरपूलजवळचं थिंगवॉल हीदेखील त्याच घडणीची गावं.

मंगळवाराचाही इथे संबंध येतो. इंग्लंडच्या उत्तरेला रोमन सम्राट हेड्रियनच्या तटबंदीवर हाउसस्टेड्स इथे तिसऱ्या शतकातली एक वेदी सापडली आहे. रोमन सैन्यातल्या जर्मन कुळाच्या शिपायांनी ती 'मार्स थिंक्सस' या देवाला वाहिली होती. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ 'थिंगचा मार्स', सभेचा रक्षक देव, असा लावतात. मार्स म्हणजे आपला मंगळ. जर्मनमध्ये मंगळवाराला 'डीन्सटाग' म्हणतात ते या थिंक्ससवरून, आणि इंग्रजी 'ट्यूजडे' आला तो त्याच देवाच्या 'टीव' या नावावरून.

इंग्रजीत सभेचा अर्थ एकाच शब्दात टिकला, आणि तोही डॅनिश लोकांकडून आलेल्या: 'हस्टिंग्ज'. निवडणुका आल्या की आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तो हमखास दिसतो. 'हूस' म्हणजे घर. 'हूसथिंग' म्हणजे राजाने किंवा सरदाराने आपल्या घरच्या माणसांची बोलावलेली सभा. 'अँग्लो-सॅक्सन बखर' या जुन्या इंग्रजीतल्या इतिहासग्रंथात १०१२ सालची नोंद आहे. डॅनिश सैन्याने कँटरबरीचा आर्चबिशप एल्फहेआ याला धरून नेलं होतं. त्याने आपल्यासाठी खंडणी देऊ दिली नाही, तेव्हा दारू प्यालेल्या सैनिकांनी त्याला आपल्या 'हस्टिंग'पुढे ओढत नेलं आणि हाडं व बैलांची मुंडकी फेकून मारलं. पुढे लंडनच्या एका न्यायालयाला हे नाव मिळालं. नंतर उमेदवारांची नावं जिथून जाहीर होत त्या लाकडी मंचाला ते लागलं. १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा आला, मंच गेले, आणि शब्द प्रचाराच्या रणधुमाळीसाठी उरला.

भांडणाच्या शब्दाचा 'वस्तू' होणं हे फक्त इंग्रजीत घडलेलं नाही. लॅटिन 'काउसा' म्हणजे खटला; त्याचंच फ्रेंचमध्ये 'शोझ' आणि इटालियनमध्ये 'कोझा' झालं, दोन्हींचा अर्थ वस्तू, गोष्ट. जुन्या इंग्रजीतला 'साकू' म्हणजे वाद, खटला. त्याचा जर्मन भाऊबंद 'झाखऽ' आज वस्तू आणि बाब या अर्थांनी चालतो, तर इंग्रजीत त्याचा 'सेक' होऊन 'अमक्याच्या खातर' या अर्थापुरता उरला.

आणि आपली 'गोष्ट'! संस्कृत 'गोष्ठ' म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा, त्यावरून आपला 'गोठा'. 'गोष्ठी' म्हणजे एकत्र जमणं, सभा, मग तिथलं बोलणं. जुन्या मराठीत 'गोठी' म्हणजे बोलणं, हकीकत. आज 'गोष्ट' म्हणजे कथाही आणि बाबही. 'द थिंग इज' याला मराठीत 'गोष्ट अशी आहे की' हे अगदी नेमकं बसतं, ते दोन्ही शब्द सभेतून बाबीकडे आले म्हणून. या दोन शब्दांचं रक्ताचं नातं नाही, हे ठामपणे सांगायला हवं. दोघे स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालले. 'बाजारातून चार गोष्टी आणायच्या आहेत' असं हल्ली सर्रास ऐकू येतं. तिथे मी स्वतः 'वस्तू'च म्हणेन, पण या वापराला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. 'थिंग'ने हेच शेवटचं पाऊल कधीच टाकलं आहे.

उरला 'पुअर थिंग'. त्यात माणसाला वस्तू केलेलं नाही. 'जे काही आहे ते', म्हणजे जीव, हा मधल्या टप्प्यावरचा अर्थ तिथे टिकून आहे आणि त्यात माया आहे. म्हणून भाषांतर करताना 'बिचारी वस्तू' किंवा 'गरीब गोष्ट' असलं काही करू नये. 'बिचारी', 'बापडा', 'गरीब बिचारं लेकरू' यांपैकी प्रसंगाला शोभेल ते घ्यावं.