एपिड्युरल घेऊनही दुखलं तर

अगं घाबरू नकोस, पण एपिड्युरल, म्हणजे बाळंतपणाच्या कळा कमी करायला पाठीतून देतात ते बधिर करणारं औषध, घेतलं की झालं असं पण धरून चालू नकोस. माझ्या पहिल्या वेळी डावी बाजू पूर्ण बधिर आणि उजवीकडे कळा जशाच्या तशा, आणि मी तासभर गप्प सोसत पडले कारण वाटलं असंच असतं. तसं नसतं! साधारण १० पैकी एकीला ते नीट लागत नाही, पाठीत घातलेली बारीक नळी एका बाजूला सरकते किंवा औषध सगळीकडे पसरत नाही. चढायला २० एक मिनिटं लागतात, पण अर्ध्या तासानंतरही कळ तशीच असेल तर लगेच भूलतज्ज्ञांना बोलवायला सांग आणि नेमकं कुठे दुखतंय ते हात ठेवून दाखव. ते बर्फ लावून बघतात कुठे गार लागतंय, मग नळी जराशी मागे ओढतात, कुशीवर वळवतात, जादा डोस देतात, नाहीच जमलं तर काढून परत घालतात. माझी परत घातली आणि मग मला चक्क झोप लागली. शेवटी खाली दाब जाणवतोच, तो जाणवला म्हणजे फेल गेलं असं नाही.

आपल्याकडे छोट्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, म्हणून रात्री कोण येणार, किती वेळात, हे आत्ताच विचारून ठेव. आणि सिझर ठरलं तर सुरू करायच्या आधी स्पष्ट सांग की एपिड्युरल अर्धवटच चाललंय. नवऱ्यालाही हे सगळं सांगून ठेव, कळांमध्ये आपल्याला बोलायचं सुचत नाही गं.