कडी बाहेरून उघडते का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही ६३, सौ. ६०, कोथरूडला १९८४ च्या इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, मुलगी कॅनडात, रीडेव्हलपमेंटची नुसतीच चर्चा. वृद्धाश्रम नको, शेवटपर्यंत याच घरात राहायचंय, तर आत्तापासून काय करून ठेवावं? यादी मागितलीत. यादी देत नाही. ती फ्रिजवर चिकटवली जाते आणि तिथेच पिवळी पडते. त्याऐवजी आमच्याकडे काय झालं ते सांगते, त्यातून तुमचं तुम्हाला सापडेल. मी ७१, सहकारनगरला एकटी राहते. बँकेत ३४ वर्षं काढली, घरात आधी सासूबाईंचं आणि मग यजमानांचं आजारपण केलं.

२०११ सालची गोष्ट. सासूबाई ७९ च्या, हिंडत्याफिरत्या. मी कामावर, सासरे हॉलमध्ये रेडिओ मोठा करून बसलेले. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, त्याही नेमक्या दाराच्या मागे. आतून कडी, आणि दार आत उघडणारं. म्हणजे कडी निघाली असती तरी दार त्यांच्याच अंगावर ढकलावं लागलं असतं. सासऱ्यांना कळेपर्यंतच तास गेला. मग सोसायटीतल्या दोघांनी दाराचा खालचा भाग कापून काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना, म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तीन मजले उतरवलं. आणि त्या अवस्थेत बाई काय म्हणाल्या, तर "अगं, गीझर बंद केला का कुणी?"

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे मी एकाच नजरेने बघते: आतल्या माणसाला हलता आलं नाही, तर हे बाहेरून उघडतं का? फक्त न्हाणीघराचंच नाही. मुख्य दार, कपाट, बँकेचं खातं, मोबाइल, सगळंच.

आधी न्हाणीघर. दार बाहेर उघडणारं करून घ्या. सुताराचं एका दिवसाचं काम आहे, बिजागऱ्या फिरवायच्या आणि चौकटीची पट्टी बदलायची. बाहेर जागा नसेल तर सरकतं दार. कडी काढून असं लॉक बसवा ज्याला बाहेरच्या बाजूला खाच असते. रुपयाच्या नाण्याने फिरतं. सासूबाईंनी यावर आठ दिवस असहकार पुकारला होता. "कडी नाही ती काय न्हाणी?" शेवटी तह झाला: आत कोणी असलं की बाहेर मुठीला लाल काठाचा पंचा अडकवायचा. तो पंचा दिसला की घरातले सगळे त्या बाजूला फिरकायचेही नाहीत. माणसाची लाज राखून सोय करता आली नाही तर म्हातारी माणसं ती सोय वापरत नाहीत, हे मी तिथे शिकले.

धरायला दांडे लावाल ते स्टीलचे, भिंतीत नीट पक्के केलेले. रबराच्या टोपीने चिकटणारे मिळतात, ते आणू नका. ओल्या टाइलवरून नेमके नको तेव्हा निसटतात. टॉवेलच्या दांड्यालाही आधार समजू नका. तुमच्या इमारतीच्या जुन्या विटांच्या भिंती चांगल्या धरतात. रीडेव्हलपमेंटनंतर हलक्या ब्लॉकच्या भिंती मिळतील, त्यात साधा स्क्रू आणि गिट्टी टिकत नाही, वेगळे अँकर लागतात. लावून झालं की सुतारासमोरच पूर्ण वजन टाकून लोंबकळा. आणि एक चूक माझ्याकडून शिका: आम्ही सगळे दांडे उजवीकडे लावले, कारण सासूबाईंना तसं सोयीचं होतं. २०१९ ला यजमानांना पक्षाघात झाला तो उजव्या अंगावर. दोन्ही बाजूंना लावा.

बाकी न्हाणीघरातलं पटकन सांगते. भरलेली बादली उचलायचीच नाही, हँड शॉवर आणि न सरकणारं स्टूल घ्यायचं. कमोडची बैठक साधारण १८ इंचांवर हवी. रात्रीच्या वाटेवर आपोआप लागणारा दिवा हवा. साठीच्या डोळ्यात विशीच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, हे लक्षात ठेवून दिवे लावा. दारातली पायपुसणी उचला, निदान खाली रबर असलेली घ्या. आणि हो, गुरुवारी पाणी बंद असलं की आदल्या रात्री आपण पुणेकर बादल्या, कळशा, पिंप भरून पॅसेजमध्ये ओळीने मांडतो. रात्री दोनला बाथरूमला जाणाऱ्या माणसासाठी ती अडथळ्यांची शर्यत असते. पाणी बाल्कनीत भरून ठेवा.

आता मुख्य दार. दोन घरी किल्ली द्या, एक त्याच मजल्यावर आणि एक चालत येण्याच्या अंतरावर. सेफ्टी डोअरला आतून साखळी किंवा कडी घालत असाल तर किल्ली देऊनही उपयोग नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लॅच पुरे. माझ्याकडे समोरच्या वहिनींशी करार आहे: सकाळी आठपर्यंत माझ्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली की त्या बेल वाजवतात, उत्तर नाही आलं तर किल्लीने उघडतात. त्यांच्या पिशवीवर माझं लक्ष. चार वर्षांत दोनदा उघडलं, दोन्ही वेळा मी नुसती गाढ झोपले होते. मला काही वाटलं नाही, त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

मुलीला रोज सातला एक "गुड मॉर्निंग" पाठवत जा. आपण त्या गुलाबाच्या फुलांना हसतो, पण ती हजेरी असते. टोरांटोच्या बाजूला राहत असेल तर आपले सकाळचे सात म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ-साडेनऊ. ती जागी असते. मेसेज नाही आला तर तिने तुम्हाला फोन करत बसायचं नाही, थेट किल्लीवाल्या शेजाऱ्यांना करायचा. तिच्याकडे तो नंबर आहे का? ॲम्ब्युलन्सचा १०८ आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे सगळे सांगतात. शेजाऱ्यांचा नंबर मुलांकडे नसतो.

तिसऱ्या मजल्याचं मात्र कटू बोलते. पडल्यानंतर सासूबाई तीन वर्षं आमच्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. त्या तीन वर्षांत चार वेळा खाली उतरल्या, चारही वेळा दवाखान्यासाठी. घरात राहणं आणि घरात अडकणं यात एक जिना असतो. २०१४ ला आम्ही त्याच सोसायटीतल्या एका तरुण जोडप्याशी पहिल्या मजल्यासाठी अदलाबदल केली. वकील, मुद्रांक शुल्क, सामानाची हलवाहलव, सगळं सोसलं. त्यानंतरची तीन वर्षं त्या रोज संध्याकाळी बाकावर येऊन बसायच्या. २०१७ ला गेल्या, त्या घरातच.

म्हणून रीडेव्हलपमेंटच्या भरवशावर राहू नका. ती चर्चा किती वर्षं चालते ते तुम्हालाही ठाऊक आहे, आणि ऐन सत्तरीत दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढणं हे स्वतंत्र आजारपण आहे. दोघं मिळून एक तारीख ठरवा: अमुक वाढदिवसापर्यंत करार झाला नाही तर हा फ्लॅट भाड्याने देऊन त्याच भागात लिफ्टचं किंवा तळमजल्याचं घर बघायचं. तोच वाणी, तेच डॉक्टर, तीच पोळीभाजीवाली राहिली म्हणजे पत्ता बदलला तरी घर बदलत नाही. आणि करार झालाच, तर सही करण्याआधी लिहून घ्या: स्ट्रेचर मावेल अशी एक लिफ्ट, तिला वीज गेल्यावर बॅकअप, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नाही, बाथरूमचं दार तीन फूट. आपल्याकडे ते दोन-सव्वादोन फुटांचं करतात आणि व्हीलचेअर तिथेच अडते. बिल्डर जिमचा फोटो दाखवेल. तुम्ही दाराचं माप विचारा.

आता बँक. इथे मी स्वतः कशी फसले ते सांगते. ३४ वर्षं लोकांना "नॉमिनी लावा, नॉमिनी लावा" सांगणारी मी, आणि यजमानांच्या ठेवी त्यांच्या एकट्याच्या नावावर. नॉमिनी मी होतेच! पण नॉमिनीचा संबंध येतो मृत्यूनंतर. माणूस जिवंत आहे, समजत काहीच नाही, अशा मधल्या काळात नॉमिनीला काही करता येत नाही. सही येत नसेल पण भान असेल तर साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. भानच नसेल तर तोही नाही. लोक म्हणतात मुखत्यारपत्र करून ठेवलंय. आपल्याकडचं साधं मुखत्यारपत्र, देणाऱ्याची समजच गेली की संपतं. म्हणजे ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी. मग पालक म्हणून नेमणूक करून घ्यायला कोर्टात जावं लागतं. यजमानांच्या पक्षाघातानंतरचे आमचे अठरा महिने माझ्या पेन्शनवर आणि नणंदेकडून उसने घेऊन निघाले, आणि पैसे पलीकडे तसेच पडून.

तेव्हा आजच सगळी खाती दोघांच्या नावावर, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा" अशी करा. बारीक गोष्ट: अशा संयुक्त ठेवीचे पैसे मुदत संपल्यावर एकाच्या सहीने मिळतात, पण दोघंही हयात असताना मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या मागतात. म्हणून सगळे पैसे पाच वर्षांच्या एकाच पावतीत कोंबू नका. लहान-लहान पावत्या करा, दर दोन-तीन महिन्यांनी एखादी सुटेल अशा.

फ्लॅट मुलीच्या नावे बक्षीसपत्राने आत्ताच करू नका, मुलगी कितीही गुणी असो. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. बक्षीसपत्र करायचंच असेल तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात असू द्या. सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, ते २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आपल्या मदतीला येतं ते त्या अटीच्या जोरावर. आणि व्हेंटिलेटरवर किती दिवस ठेवायचं हेही लिहून ठेवा. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला लिव्हिंग विल मान्य केलं आणि २०२३ ला पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. प्रत मुलीकडे आणि फॅमिली डॉक्टरांकडे द्या. यजमानांनी केलं नव्हतं. आयसीयूच्या बाहेर मी आणि नणंद दोन दिवस एकमेकींकडे बघत बसलो होतो. कोणी बोलायचं आधी?

पैशांचं आणखी एक. मेडिक्लेम रुग्णालयाचं बिल देतो, घरी येणाऱ्या मावशींचा पगार देत नाही. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर उत्पन्नाची अट न घालता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, ते वेळेवर काढाच. पण तेही रुग्णालयातल्या उपचारांसाठी. तुमच्या भागातल्या, घरी मावशी पुरवणाऱ्या दोन ब्यूरोंना फोन करून दिवसपाळी आणि चोवीस तासांचा महिन्याचा दर विचारा, बाराने गुणा, आणि तो आकडा पाच वर्षांसाठी वेगळा काढा. छाती दडपेल. दडपू दे.

बाहेरून उघडणारं दार चोरालाही उघडतं, हे खरं. म्हणून उघडणारी माणसं मोजकी असावीत. मोबाइलचा पिन बंद पाकिटात, कपाटात. पाकीट कुठे आहे ते फक्त सौ. आणि मुलगी यांना माहीत. ओटीपी कुणालाही नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून कोणी "डिजिटल अरेस्ट" म्हणाला तर फोन ठेवायचा, कायद्यात असलं काही नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन.

तब्येतीबद्दल डॉक्टर सांगतील ते मी काय सांगणार, पण पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढता येतात म्हणजे आपण ठणठणीत, हा पुणेरी गैरसमज आहे. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळून परत या, बसा. बारा सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याची शक्यता वाढली आहे असं समजून फिजिओथेरपिस्टकडे जा. वर्षातून एकदा सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीची धरून, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. झोपेची गोळी आणि रक्तदाबाची गोळी मिळून रात्री पाडतात. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने उतरत असेल तर गोळीचं प्रमाण बघावं लागतं.

सगळं एकदम होणार नाही. या रविवारी एवढंच करा: न्हाणीघरात जा, आतून कडी लावा, दाराला पाठ टेकून खाली बसा आणि सौ.ना बाहेरून उघडायला सांगा. घड्याळ लावा. मग दाराचं माप, ते कोणत्या बाजूला उघडतं आणि बाहेर किती जागा आहे ते इथे लिहा. सरकतं बसेल की बिजागऱ्या फिरवून भागेल, ते सांगते.