सिरीज एस की पीएस५? आधी सोसायटीचं कर्ज

दारव्हा तालुक्यातल्या २४ वर्षांच्या वाचकाचा प्रश्न आहे. गावातल्या सेतू केंद्रावर काम करून महिन्याला ६,००० शिल्लक पडतात. घरचा कापूस विकून ५२,००० हाती आलेत, सोसायटीचं ४०,००० पीककर्ज फेडायचं आहे. यवतमाळचा दुकानदार एक्सबॉक्स सिरीज एस आणि पीएस५ (प्लेस्टेशन ५) हे टीव्हीला जोडून खेळायचे दोन्ही गेम कन्सोल १२ हप्त्यांत देतो. घरी ३२ इंची एचडी टीव्ही, नेट मोबाइलचं. मशीनच्या ताकदीचे आकडे आणि आवडते गेमही त्यांनी लिहिलेत. कोणता घेऊ?

भाऊ, या महिन्यात कोणताच नाही. ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरलं तर ३ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज लागत नाही. ती सवलत सोडून टीव्हीखालच्या डब्याचे हप्ते सुरू करणं मला पटत नाही. दुकानदाराच्या 'बिनव्याजी' हप्त्यातही बहुतेकदा प्रोसेसिंग फी असते, आणि रोखीवर मिळणारी सूट जाते.

आता मशीनचं. ताकदीचे आकडे तुम्ही लिहिलेत ते बरोबर आहेत: सिरीज एस ४ टेराफ्लॉप्स (मशीन सेकंदाला किती गणितं करतं त्याचं माप), पीएस५ १०.२८, एक्सबॉक्सचाच मोठा सिरीज एक्स १२. पण ही ताकद खरी दिसते ती ४के, म्हणजे एचडीहून बारीक चित्राच्या टीव्हीवर. तुमच्या ३२ इंचीवर तो फरक बराचसा झाकला जाईल, त्यामुळे नुसत्या ताकदीसाठी जास्त पैसे मोजू नका.

तरीही माझं मत पीएस५ कडे झुकतं, तेही डिस्कवाल्या. सिरीज एस मध्ये डिस्क घालायची सोयच नाही, प्रत्येक गेम डाउनलोड करायचा. कॉल ऑफ ड्यूटीसारखा गेम १०० जीबीच्या वर जातो. रोज २ जीबीच्या पॅकवर त्याला पन्नास दिवस लागतील, तेही लाइन टिकली तर. साध्या सिरीज एसचं स्टोरेज ५१२ जीबी, त्यातलं बरंच सिस्टीमच खाते. एक्सबॉक्सच्या गेम पास वर्गणीत महिन्याच्या पैशात ढीगभर गेम मिळतात, शहरात फायबर असलेल्याला मी तोच सुचवेन. पण पैसे भरणं थांबलं की गेमही बंद.

डिस्कचं तसं नाही. नवा मोठा गेम ४,९९९ पर्यंत जातो हे खरं, पण खेळून झाला की विकता येतो, मित्राशी बदलता येतो. डिस्कलाही अपडेट लागतात, तेवढा डेटा धरून चाला. शिवाय तुम्हाला आवडणारे स्पायडर-मॅन २ आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक एक्सबॉक्सवर आलेलेच नाहीत. उलट एक्सबॉक्सचा फोर्झा होरायझन ५ हा २०२१ चा गेम २०२५ मध्ये पीएस५ वर आला.

थांबलात की भाव उतरेल, असं मात्र धरू नका. भारतात २०२१ मध्ये डिस्कवाला पीएस५ ४९,९९० ला आला आणि पुढे ५४,९९० झाला. सणाच्या ऑफरमध्ये काही हजार कमी होतात, तेवढंच.

कर्ज फेडून १२,००० उरतील. एप्रिल ते ऑक्टोबर ६,००० ची आरडी केली तर ४२,००० जमतील. दोन्ही मिळून ५४,०००. घरच्या पेरणीला त्यातले लागले तर खरेदी पुढच्या वर्षी जाईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. स्टॅबिलायझरचे पैसे वेगळे ठेवा, गावच्या डीपीचा (विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा) भरवसा नसतो.

आणि पैसे देण्याआधी यवतमाळच्या मित्रांकडे काय आहे ते विचारा. डिस्क अदलाबदलीला कोणीच नसेल तर माझं निम्मं गणित कोसळतं, मग मला पुन्हा लिहा.