टेन्थ ग्रेडमधला मुलगा, नवीन गाव आणि "बाहेर मराठीत बोलू नकोस"

ताई, तुमची पोस्ट सावकाश वाचली. न्यू जर्सीतून ओहायोच्या लहान गावात आलात, अख्ख्या ग्रेडमध्ये तोच एकटा भारतीय, दुकानात मराठीत बोललात की चिडतो, आजीचा व्हिडिओ कॉल आला की खोलीत निघून जातो, दर रविवारी संध्याकाळी पोट दुखतं, आणि तुम्ही विचारताय की त्याला आपली लाज वाटायला लागलीय का, शनिवारी दीड तास ड्राइव्ह करून त्याला परत मराठी शाळेत न्यायला सुरुवात करू का. मी इथल्या एका पब्लिक हायस्कूलच्या काउन्सेलिंग विभागात बरीच वर्षं काम करते आणि अशी मुलं रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठी शाळा सध्या राहू द्या. आणि "लाज" हा शब्द त्याच्यासमोर तर अजिबात काढू नका.

जीन फिनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये लॉस एंजेलिस भागातल्या टेन्थ ग्रेडच्याच मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या, आशियाई, ब्लॅक, हिस्पॅनिक अशी मुलं. त्यातल्या जवळजवळ निम्म्या अल्पसंख्य मुलांनी "मी कोण, माझे लोक कोण" याचा फारसा विचारच केलेला नव्हता, साधारण पाव मुलं त्या शोधात होती आणि उरलेली पाव त्यातून बाहेर पडून आपल्या ओळखीशी स्थिरावली होती, आणि या शेवटच्या गटातली मुलं मनाने जास्त सावरलेली दिसली. न्यू जर्सीत तुमच्या मुलाला हा प्रश्न पडायचं काही कारणच नव्हतं हो, आजूबाजूला सगळे पटेल, रेड्डी, कुलकर्णी. आता तो प्रश्न रोज सकाळी बसस्टॉपवर उभा असतो. म्हणजे तुम्हाला जे तुटल्यासारखं दिसतंय ते बहुतेक शोधाची सुरुवात आहे.

पण हा शोध सुखाचा नसतो हे पालकांना कोणी सांगत नाही. टिफनी यिप आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकत्र करून बघितले, तर ओळख पक्की झालेल्यांना भेदभावाचा त्रास कमी होतो, पण जे अजून शोधतायत त्यांना तोच टोमणा जास्त लागतो. मला हे ऑफिसात अगदी तसंच दिसतं. अशा मुलावर आपण अजून एक कार्यक्रम, अजून एक वर्ग, गणपतीत स्टेजवर डान्स असं लादलं की आपल्याला वाटतं आधार देतोय, त्याला वाटतं अजून एक परीक्षा.

आता टोमण्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय की कोणी वाईट बोलत नाही, उलट "तू भारतीय आहेस, तुला मॅथ येणारच" असं कौतुकच करतात. ताई, याला कौतुक समजू नका. माझ्याकडे एक मुलगा यायचा, ग्रुप प्रोजेक्टमध्ये कॅल्क्युलेशनचा कागद न विचारता त्याच्याकडे सरकवला जायचा, आणि टेस्टमध्ये ८२ पडले की तो पेपर चार घड्या घालून हूडीच्या खिशात, कारण वर्गात लोक म्हणणार "तुला पण?" आणि घरी आईबाबा म्हणणार "८२च?" दोन्हीकडून एकच अपेक्षा, मग पोरानं श्वास घ्यायला जायचं कुठे? बाहेरच्यांचं तोंड तुम्ही बंद करू शकत नाही पण घरातली अर्धी बाजू तुमच्याच हातात आहे, ती आजपासून सैल करा.

आणि त्याला खरा इतिहास सांगा, या वयाच्या मुलांना तो फार लागू पडतो. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आणि पुढे एच-वन-बी हा शिकलेल्या कामगारांचा व्हिसा आल्यावर इथे मुख्यतः शिकलेल्या लोकांनाच गाळून घेतलं गेलं, म्हणून भारतीय "हुशार" दिसतात, त्याच्या रक्तात काही वेगळं नाही, आणि ८२ पडले म्हणून तो कमी भारतीय होत नाही. शिवाय आपण काल आलेले पाहुणे नाही. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला जमावाने पंजाबी मजुरांना गावातून हाकललं, १९२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाला नागरिकत्व नाकारलं, आणि १९५६ मध्ये पंजाबातून आलेले दलिपसिंग सौंद काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये इथे आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, तुमच्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या, आणि साडी न सोडता फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. लेक्चर देऊ नका, गाडीत जाता जाता एखादी गोष्ट सांगा आणि गप्प बसा. गाडीत बरं असतं, एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

रोजच्या ताणासाठी मी मुलांबरोबर एक साधं काम करते. आठवड्यात काय काय टोचलं ते कागदावर लिहायचं आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न, हे बदलता येईल का? सब्स्टिट्यूट टीचर नाव चुकीचं घेतो, हे बदलता येतं, टीचरला आधी भेटून सांगायचं. लंचला कोणाजवळ बसायचं, बदलता येतं, रोबोटिक्स, बँड, क्रॉस कंट्री काहीही एक धरायचं, तिथली मुलं भारतीय असायची गरज नाही. गावात आपले लोक नाहीत, हे बदलत नाही, तिथे मन शांत करायचे उपाय, पळणं, गाणी, जुन्या मित्राशी फोन. बदलणाऱ्या गोष्टीवर नुसता दीर्घ श्वास घेत बसणं आणि न बदलणाऱ्या गोष्टीशी रोज झगडणं, दोन्हीने मुलं थकतात. झोपही बघा, या वयाला ८ ते १० तास लागते आणि ही मुलं रात्री एकपर्यंत न्यू जर्सीच्या ग्रुपवर चॅट करत असतात. फोन हिसकावू नका, तो त्याचा धागा आहे, वेळ अलीकडे आणा. आणि पोटदुखी एकदा डॉक्टरला दाखवा, सगळं मनाचंच आहे असं धरून चालू नका.

पण बसमध्ये ॲक्सेंटची नक्कल करतात, बॅगेवर काहीतरी लिहिलं होतं, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, ते ओझरतं नाहीये. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याच्या टायटल सिक्स या भागाखाली वंश किंवा मूळ देशावरून होणाऱ्या छळाची दखल घ्यावीच लागते. फोन करू नका, ईमेल करा, प्रिन्सिपल आणि काउन्सेलर दोघांना, तारीख, जागा, नेमके शब्द, कोण होतं, बॅगेचा फोटो. एका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. मात्र पाठवण्याआधी मुलाला वाचायला द्या, त्याच्या पाठीमागे केलंत तर पुढचं काही सांगणार नाही.

आणि कधी "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काही बोलला तर जीव द्यायचा विचार येतो का असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. ९८८ हा अशा वेळी मदत करणाऱ्या इथल्या हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोन किंवा टेक्स्ट.

आजीच्या कॉलचं म्हणाल तर त्याला स्क्रीनसमोर बसवून "आजीशी बोल" करू नका. आजीलाच सांगा त्याला काहीतरी विचारायला, त्यांचा फोन हँग होतो, फोटो कसे पाठवायचे, काहीही. तिथे त्याचं मराठी कोणी तपासत नसतं. दुकानात मात्र तुम्ही तुमच्या आवाजात मराठीतच बोला, त्याने इंग्लिशमध्ये उत्तर दिलं तर देऊ दे.

ईमेल सोमवारी सकाळी पाठवा. शाळेचं उत्तर आलं की इथे टाका, पुढे काय लिहायचं ते बघू.