श्रावणातले निळे ठिपके

"मॅडम, मी माझ्या हातानं माझं वाटोळं करून घेतलंय." हे वाक्य समुपदेशनासाठी येणाऱ्या इतक्या जणींकडून मी ऐकलंय की पुढचं काय येणार ते आता ओळखता येतं. हस्तमैथुन करते, अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, म्हणजे शरीर झिजतंय. लग्नानंतर नवऱ्याला कळेल, मूल होणार नाही. हे ओझं मुली जिवाभावाच्या मैत्रिणीलाही दाखवत नाहीत.

त्यातल्या एकीबद्दल लिहिते, ओळख पटणार नाही अशा बेताने. वय २७, नोकरी करणारी, लग्न ठरलेलं. पहिल्याच भेटीत तिने पर्समधून एक छोटं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. वर्षभराचे ठिपके. लाल म्हणजे 'ते केलं', निळा म्हणजे अंगावरून गेलं. लाल ठिपक्यांच्या आगेमागे निळे होतेच. "हा बघा पुरावा," ती म्हणाली.

'असं काही नसतं गं' म्हणून मी तिला घरी पाठवू शकले असते. पण नुसत्या धीराने भीती चार दिवस दबते, जात नाही. भीतीमागे एक विचार असतो आणि तो आपला आपणच तपासावा लागतो, यावर माझा विश्वास आहे.

"त्या वेळी नेमकं काय होतं?" मी विचारलं.

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती बराच वेळ गप्प होती. "छाती धडधडते. ओटीपोटात पेटका आल्यासारखं होतं. मग अंग गळून जातं. कधी कधी रडूच येतं."

ती आजाराची लक्षणं सांगत होती. मला मात्र एका निरोगी शरीराचं वर्णन ऐकू येत होतं, आणि मी तिला तसं सांगितलं. उत्तेजना आली की ओटीपोटाकडे रक्त धावतं. क्लिटोरिस, म्हणजे योनीच्या वरच्या बाजूचा सुखसंवेदनेचा अवयव, फुगते; बाहेर दिसतो तो तिचा जरासा भाग, बाकीची आत पसरलेली असते. योनीच्या भिंतींतून ओलावा पाझरतो. तो कुठे साठवलेला नसतो, त्यामुळे संपतही नाही. कामपूर्तीच्या क्षणी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सेकंदाहूनही कमी अंतराने आवळतात, गर्भाशयही आवळतं. हाच तिचा पेटका. मग सगळं सैल पडतं, झोप येते, काहींना रडू येतं. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या नोंदींवरून १९६६ मध्ये हा क्रम मांडला. बाई एकटी असो की जोडीदारासोबत, क्रम तोच.

आपल्याकडे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात अशाच शंकांना उत्तरं देत होते आणि त्यापायी खटले सोसत होते. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. आणि तरी माझ्यासमोर त्याच शंका येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तिला शरीर समजलं, पण पटलं नव्हतं. तिसऱ्या भेटीत मी तेच कॅलेंडर तिच्यापुढे सरकवलं. "लाल ठिपका नाही असा एखादा महिना आहे?"

"श्रावण. श्रावण मी कडक पाळते."

"मग निळे ठिपके बघ."

तिने बोट ठेवत मोजले. एक, दोन, तीन, चार. मान वर केली, पुन्हा मोजले. "मॅडम, हे तर तसेच आहेत."

ते पाळीच्या तारखांच्या साधारण मध्यावर होते. स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारास पातळ, तार धरणारा स्राव जातोच. आणि त्याच दिवसांत अनेकींना इच्छाही जास्त होते. एका ठिपक्यामुळे दुसरा पडत नव्हता. दोन्हींच्या मागे तिचं मासिक चक्रच होतं. ती हसली आणि लगेच रडली. इतक्या वर्षांच्या कामात जे क्षण मी जपून ठेवलेत, त्यांतला हा एक.

मूल होण्याशी याचा काही संबंध नाही. बाहेरून केलेल्या स्पर्शाची खूण शरीरावर राहत नाही, त्यामुळे नवऱ्याला 'कळण्याचा' प्रश्नच येत नाही. सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. मात्र स्रावाला घाण वास असेल, खाज किंवा जळजळ असेल, तो दह्यासारखा फुटका किंवा हिरवट असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यावर औषध आहे.

दिवाळीनंतर ती शेवटची आली. नव्या कॅलेंडरवर फक्त पाळीच्या तारखा होत्या, आणि एका चौकोनात बारीक अक्षरात 'हळद, सकाळी १०'.